वर्गात अस्सल साधनं कशी वापरायची? शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला इतिहास, नागरिकशास्त्र आणि भूगोल शिकवते. आमच्या शाळांच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत या विषयावर बोलले, की त्यानंतर आठवडाभर फोन येत राहतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र लिहिले आहेत. जिथे माझा अनुभव जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

प्राथमिक साधन नेमकं कशाला म्हणायचं?

ज्या काळाबद्दल आपण बोलतोय त्याच काळातली, त्या घटनेत असलेल्या किंवा ती जवळून पाहिलेल्या माणसाची खूण. पत्र, हिशेबाची वही, नाणं, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड), लग्नातला फोटो, जुना सातबारा, वर्तमानपत्राचं पान, जात्यावरची ओवी, सगळं यात येतं. जुने संशोधक 'अस्सल कागद' म्हणायचे. मला तो शब्द आवडतो आणि मुलांनाही तो पटकन कळतो.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी सांगा. साधन प्राथमिक की दुय्यम, हे तुमच्या प्रश्नावर ठरतं. पुणे जिल्ह्याचं १८८५ सालचं गॅझेटियर शिवकालासाठी दुय्यम आहे, कारण लिहिणारे दोनशे वर्षांनंतरचे. पण 'इंग्रज अधिकारी इथल्या लोकांकडे कसं बघत होते?' असा प्रश्न असेल, तर तेच पुस्तक अस्सल साधन ठरतं. वर्गात मी आजोबांचं उदाहरण देते. आजोबांनी पणजोबांची सांगितलेली गोष्ट पणजोबांच्या बाबतीत ऐकीव असते, पण आजोबांनी स्वतः काय ऐकलं आणि काय लक्षात ठेवलं, त्याचा तो पक्का पुरावा असतो.

पाठ्यपुस्तकात 'इतिहासाची साधने' हा धडा आहेच. मग वेगळं काय करायचं?

सहावीपासून नववीपर्यंत हा धडा पुन्हा पुन्हा येतो. भौतिक, लिखित, मौखिक ही विभागणी मुलांना झोपेतही येते. अडचण अशी, की जूनमध्ये तो धडा संपतो आणि मार्चपर्यंत साधनाचं नाव निघत नाही. शिवाजी महाराजांचा धडा येतो, १८५७ येतं, संयुक्त महाराष्ट्र येतो. 'हे आपल्याला कशावरून कळलं?' असं कोणी विचारत नाही.

माझं सांगणं एवढंच आहे, की साधनांचा धडा वर्षभर पुरवा. प्रत्येक मोठ्या धड्याला एक कागद, एक फोटो किंवा एक दगड जोडा. एकच, पण नीट वाचा. एका तासात दहा चित्रं दाखवली तर ते प्रदर्शन होतं, त्यातून मुलं शिकत नाहीत.

सुरुवात कुठून करू?

शाळेच्या कपाटातून. दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजेच जनरल रजिस्टर, प्रत्येक शाळेत असतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं असेल तर उत्तमच. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. मूळ रजिस्टर मुलांच्या हातात देऊ नका. एका पानाची छायाप्रत काढून नावांचा आणि जातीचा रकाना झाका, उरलेले रकाने वर्गाला द्या. (झाकायचं का, ते पुढे येईल.)

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा काही न सांगता एवढंच म्हणाले, "जन्मतारखा वाचा." एक मुलगा वाचू लागला. एक जून, एक जून, चौदा ऑगस्ट, एक जून, एक जून. पाचव्या-सहाव्या नोंदीला वर्गात खुसखुस सुरू झाली. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या आजोबांचा पण वाढदिवस एक जूनच!" मग दुसरीचे आजोबा, तिसऱ्याची आत्या. मी विचारलं, "एका गावात एवढी मुलं एकाच दिवशी जन्मतील का?"

यानंतर शिकवायचं काम मुलांनीच केलं. शाळा जूनमध्ये भरते. पहिलीत यायला वय पूर्ण झालेलं हवं. घरी जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नाही. आई सांगते, "त्या वर्षी पोळ्याला झाला." मग गुरुजी हिशेब करून सोयीची तारीख टाकतात. म्हणजे नोंद चुकीची आहे, पण ती चूक आपल्याला त्या घराबद्दल, त्या काळाबद्दल आणि सरकारी रकान्यांबद्दल खरं काहीतरी सांगते. साधन खोटं बोलत असेल तर ते का बोलतंय, हे विचारायला मुलं या एका पानावर शिकतात. पुढे बखर वाचताना हीच सवय कामी येते.

मग शेवटचा रकाना वाचा: शाळा सोडल्याचं कारण. 'सतत गैरहजर' हे शब्द किती वेळा येतात ते मोजायला सांगा. मुलींच्या नोंदी कोणत्या इयत्तेला थांबतात, तेही पाहा. आमच्या पानावर चौथीनंतर एकही मुलगी नव्हती. वर्गातल्या मुली ते बघून बराच वेळ गप्प होत्या. त्या शांततेत मी काही बोलले नाही. तुम्हीही घाई करू नका.

कोणत्या इयत्तेपासून हे जमतं?

तिसरी-चौथीपासून वस्तू आणि फोटो, सहावीपासून छापील उतारे, आठवीपासून एकमेकांशी न जुळणारी दोन साधनं. तिसरीतलं मूलही फोटो बघून 'पायात चपला नाहीत' हे टिपतं. खरं तर मोठी माणसं ज्याकडे कानाडोळा करतात ते लहान मुलांना आधी दिसतं.

मला मोडी येत नाही. मग शिवकाल किंवा पेशवाईचं साधन कसं वापरू?

मोडी न येता भरपूर करता येतं, कारण गेल्या सव्वाशे वर्षांत आपल्याकडच्या लोकांनी ढीगभर कागद बाळबोध, म्हणजे देवनागरी, करून छापून ठेवले आहेत. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने छापली. रियासतकार सरदेसायांनी १९३० च्या दशकात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत आणले. त्यातलं एखादं पान उचललं तरी तास भरतो.

मी दर वर्षी एक पत्र हमखास घेते. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूणजवळ छावणी करून असलेल्या लष्करातल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं. पाठ्यपुस्तकात 'रयतेची काळजी घेणारा राजा' असं एक वाक्य असतं. ती काळजी कशी दिसते, ते या पत्रात कळतं. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच उधळली, तर भर पावसात घोड्यांना काही उरणार नाही, घोडी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल, कोणी दाणे आणेल, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजी. असं झालं तर जीव मुठीत धरून राहिलेले कुणबीही गाव सोडतील आणि म्हणतील, मोगल परवडले. त्यांचा तळतळाट होईल. आणि पुढे अगदी घरातल्या थोरल्या माणसासारखी सूचना येते: रात्री दिवा तसाच ठेवू नका, उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल.

उंदराच्या त्या वातीपाशी वर्ग थांबतो. हे पत्र वाचताना मी जुनी भाषा बदलत नाही, फक्त अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून ठेवते: कटक म्हणजे लष्कर, पागा म्हणजे घोडदळाची तुकडी किंवा तिचा तबेला. नाहीतर मुलं कटक म्हटलं की ओडिशातलं शहर शोधतात. मग विचारते:

पत्र कोणाला लिहिलंय? राजाला हे लिहावं का लागलं असेल? म्हणजे सैनिक काय करत असतील? कुणब्यांचा आवाज या कागदात आहे का, की त्यांच्याबद्दल दुसरं कोणी बोलतंय?

तिसऱ्या प्रश्नावर आठवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, बोर्डावर 'थुंकू नका' लिहिलंय म्हणजे कोणीतरी थुंकतंय." हुकूम कसा वाचायचा, ते त्याला कळलं होतं. आता दर वर्षी हा प्रश्न आला की मी त्याचं उत्तर वर्गाला सांगते.

मोडी शिकायची इच्छा असेल तर जरूर शिका. राज्याचं पुराभिलेख खातं आणि अनेक संस्था वर्ग घेतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळे २०२३ पासून मोडी वाचणाऱ्यांना मागणीही आली आहे. पण मोडी येईपर्यंत थांबू नका.

दोन साधनं वेगवेगळं सांगतात तेव्हा मुलं गोंधळतात. तेव्हा काय करायचं?

गोंधळू द्या. या कामातली सगळ्यात मोलाची जागा तीच आहे.

रायगडावरच्या ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाचं उदाहरण घ्या. कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत बत्तीस मण सोन्याच्या सिंहासनाचं वर्णन केलं आहे. ही बखर त्याने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत लिहिली, राज्याभिषेकानंतर साधारण वीस वर्षांनी. दुसरीकडे इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, हेन्री ऑक्सिंडेन त्या दिवशी दरबारात हजर होता. त्याने टिपलं ते वेगळंच: सिंहासनाच्या दोन बाजूंना भाल्यांवर लावलेली सोनेरी चिन्हं, एका बाजूला मोठ्या दातांच्या माशांची डोकी, दुसऱ्या बाजूला घोड्यांची शेपटं आणि न्यायाची तागडी. आणि बाहेर पडताना दारात उभे असलेले दोन लहान हत्ती बघून तो चक्रावला. एवढ्या अवघड वाटेने हे वर आणले तरी कसे?

वर्गात दोन गट करा. एका गटाला सभासद द्या, दुसऱ्याला ऑक्सिंडेन. प्रत्येकाने आपल्या लेखकाची बाजू मांडायची. 'माझा लेखक तिथे होता' हा एका गटाचा मुद्दा. 'तुमच्या लेखकाला आपली भाषा आणि चालीरीती कळत नव्हत्या, तो राजापूरच्या वखारीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मागायला आला होता' हा दुसऱ्याचा. दोन्ही खरे. मग विचारा, कोणत्या गोष्टीसाठी कोणावर विश्वास ठेवाल? माझ्या वर्गात ठरलं, की हत्तींसाठी ऑक्सिंडेन आणि सोहळ्याचं लोकांना काय वाटलं यासाठी सभासद. सिंहासनाच्या वजनावर मात्र अजून एकमत नाही, आणि त्यात काही बिघडत नाही.

दुसरं उदाहरण महाराजांच्या जन्मतारखेचं. उत्तरकालीन बखरींवरून बरीच वर्षं १६२७ साल धरलं जात होतं. कारीच्या जेधे घराण्यात सापडलेली शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आज शासकीय शिवजयंती याच तारखेला होते. एका घराण्याने जपलेल्या कागदाने अख्ख्या राज्याची तारीख बदलली, हे ऐकून मुलं घरातल्या जुन्या ट्रंकांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

जातीच्या, धर्माच्या नोंदी आल्या तर? कोणाच्या भावना दुखावल्या तर?

ही भीती खोटी नाही. माझ्याकडून एकदा चूक झाली आहे. सुरुवातीच्या एका वर्षी मी रजिस्टरचं पान काही न झाकता वर्गात फिरवलं. एका मुलाने जातीचा रकाना मोठ्याने वाचला आणि समोर बसलेल्या मुलाकडे बघून तो हसला. तो मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून नावं आणि जात झाकल्याशिवाय कोणतंही पान वर्गात जात नाही.

पण झाकणं म्हणजे विषय टाळणं नव्हे. जातीबद्दल बोलायचं असेल तर वर्गातल्या कोणाच्या आजोबांच्या नोंदीवरून बोलू नका. ज्यांनी स्वतःहून, ताठ मानेने लिहिलं त्यांच्या लिखाणावरून बोला. मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. एका शाळकरी मुलीचा मजकूर आहे, तोही पहिल्यापासून शेवटपर्यंत संतापाने आणि तर्काने भरलेला. आठवीतल्या मुलींना तो वाचून दाखवा आणि विचारा, ही कोणाशी बोलतेय? वर्गातलं कोणीही त्यात उघडं पडत नाही.

शिवाजी महाराजांबद्दल साधन वापरताना पालक विचारतात, "बाई, तुम्ही महाराजांवर शंका घेताय का?" मी त्यांना चिपळूणच्या पत्राची प्रत देते. वाचून झाल्यावर आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

आमच्या गावात ऐतिहासिक असं काहीच नाही. मग?

मंदिराच्या मागे, पाराजवळ किंवा वेशीपाशी शेंदूर फासलेला एखादा दगड नक्की असेल. तो वीरगळ असू शकतो. तो खालून वर वाचायचा असतो. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, त्यावर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्याला सूर्य-चंद्र. खालच्या चौकटीत गाई कोरलेल्या दिसल्या, तर तो बहुधा गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडला, असं समजायला जागा आहे. मुलांना ती चित्रकथा वाटते आणि ती आहेच.

गधेगाळ नावाचा कोरीव दगडही अनेक ठिकाणी सापडतो. जमिनीचं दान मोडणाऱ्याला घातलेला शाप त्यावर असतो. त्यावरचं चित्र लहान वर्गांना दाखवण्यासारखं नसतं. वर कोरलेले सूर्य-चंद्र दाखवा, 'सूर्य-चंद्र असेपर्यंत हे दान टिकावं' एवढा अर्थ सांगा आणि पुढे जा.

दगडाला हात लावताना शेंदूर खरवडू नका, खडूने अक्षरं रंगवू नका, आणि ज्या घराची तिथे पूजा असते त्यांना आधी विचारा.

दगडही नसेल तर गावातल्या बायका आहेत. जात्यावरच्या ओव्या हे शिवकालीन कागदांइतकंच तोलाचं साधन आहे, कारण ज्या बायकांना लिहिता येत नव्हतं त्यांचं म्हणणं दुसरीकडे कुठे मिळत नाही. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून जास्त ओव्या नोंदवल्या गेल्या. तुमच्या गावातल्या दोन-चार आजींकडून दहा ओव्या उतरवून घ्या. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीची वाट, गावातली जातपात, सगळं त्यात येतं.

आजी-आजोबांची मुलाखत मुलांनी कशी घ्यावी?

'तुमच्या काळाबद्दल सांगा' असं विचारलं तर आजोबा 'आमच्या वेळी सगळं चांगलं होतं' म्हणून मोकळे होतात. प्रश्न वस्तूंपासून सुरू करा. १९७२ च्या दुष्काळावर काम करायचं असेल तर विचारा: सुकडी (दुष्काळी कामावर वाटलं जाणारं पौष्टिक पीठ) कशी लागायची? मिलोची (परदेशातून आलेल्या ज्वारीची) भाकरी कशी व्हायची, रंग कसा होता? कामावर कुठे जायचात, खडी फोडायला की पाझर तलावावर? पगार कोण वाटायचं? पाणी कुठून आणायचात? असं विचारलं की माणसं खुलतात. आमच्या गावातल्या एका आजींनी तळहात पुढे करून सुकडीची मूठ केवढी असायची ते दाखवलं. त्या मुठीचा फोटो मुलांनी काढला आणि तोच त्यांच्या भित्तिपत्रकाच्या मधोमध लावला.

आठवण तपासायची सवयही लावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाबद्दल लातूर-धाराशिवकडची माणसं सांगतात, "गणपती विसर्जन करून झोपलो होतो." जुनं पंचांग काढून बघा, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आठवण कॅलेंडरशी जुळली, की मुलांना शोध लागल्यासारखा आनंद होतो. नाही जुळली तरी आजीला खोटं ठरवायचं नाही. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी १८५७ चा प्रवास पाव शतक उलटल्यावर लिहिला. तारखा मागेपुढे होतात, पण भीती, भूक आणि वाट चुकणं माणूस विसरत नाही.

दोन नियम पक्के. रेकॉर्डिंग करण्याआधी विचारायचं. आणि सांगणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं तर फोन बंद करून पाणी आणून द्यायचं, पुढचा प्रश्न विचारायचा नाही.

नागरिकशास्त्र आणि भूगोलात हे चालतं का?

छान चालतं. ग्रामसभेचं इतिवृत्त, पाणीपट्टीची पावती, रेशनकार्ड, मतदार यादीचं पान ही नागरिकशास्त्राची साधनं. आरक्षण शिकवताना शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा घ्या. त्यात निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखताना कोणाला वगळलंय तेही स्पष्ट लिहिलं आहे. 'असं नाव घेऊन का लिहिलं असेल?' या एका प्रश्नावर तास जातो. फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदनही असंच. किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी त्यात आहे. शिक्षण हक्क कायदा शिकवण्याआधी ते वाचा.

भूगोलासाठी गावचा जुना सातबारा आणि आजचा सातबारा शेजारी ठेवा. पिकांचा रकाना वाचा. बाजरी, मटकी, हुलगा कुठे गेली आणि ऊस कधी आला, ते कागदच सांगतो. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावनिहाय आकडे असतात, १९६१ आणि २०११ ची तुलना मुलं स्वतः करू शकतात.

हे कागद मिळतात कुठे?

आधी घर, शाळा, ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय आणि गावचं वाचनालय. जुने अभिलेख आता 'आपले अभिलेख' या शासकीय संकेतस्थळावरही मिळतात. जिल्हा गॅझेटियर दर्शनिका विभागाने ऑनलाइन ठेवली आहेत.

पुण्यात असाल तर १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पुणे पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात. मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतलं पुराभिलेखागार, कोल्हापुरात तिथलं पुराभिलेखागार. गोव्यातल्या शिक्षकांचं नशीब थोर, पणजीच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते. सहल नेणार असाल तर आधी पत्र द्या. चाळीस मुलं एकदम नेऊ नका, आठ-दहाचा गट न्या. लाल फडक्यातला रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, सोडताना आतल्या कागदांचा जो वास येतो, तो मुलांना वर्षानुवर्षं आठवतो.

परदेशातल्या मराठी शाळा चालवणारे पालकही विचारतात. तुमच्याकडे पहिल्या पिढीची निळी हवाई पत्रं (एरोग्राम), विमानाची तिकिटं, पहिल्या गणेशोत्सवाचे फोटो आहेत. मुलांच्या दृष्टीने तोच सगळ्यात जवळचा इतिहास आहे.

मुलं घरून जुने कागद आणतात. ते कसे हाताळायचे?

मूळ कागद घरीच राहू द्या, फोटो मागवा. एका मुलीने पणजोबांची सनद आणली होती, घड्यांवर फाटलेली. मी चांगल्या मनाने तिला मागून सेलोटेप लावली. दोन-तीन वर्षांनी तिच्या वडिलांनी दाखवली, तेव्हा टेप पिवळी पडली होती आणि तिच्याखालची शाई तेलकट होऊन पसरली होती. मला अजून वाईट वाटतं. सेलोटेप नको, फेव्हिकॉल नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. हात धुऊन कोरडे करा, कागद सपाट ठेवा, साध्या सुती कापडात गुंडाळा आणि उन्हापासून, ओलीपासून, वाळवीपासून लांब ठेवा. शेजारी पाण्याची बाटली असता कामा नये.

अभ्यासक्रम पूर्ण कसा होणार? परीक्षेत हे विचारत नाहीत.

प्रत्येक धड्याला करू नका. सत्रात तीन साधनं पुरेत, प्रत्येकी एक तासिका. धडा आधी वाचून मग साधन दाखवण्यापेक्षा साधन आधी दाखवा. मुलं प्रश्न घेऊन धड्याकडे जातात, त्यामुळे धडा लवकर होतो. आकारिक मूल्यमापनात प्रकल्प आणि तोंडी काम असतंच, तिथे हे बसतं. गुण देताना सुंदर मुखपृष्ठाला देऊ नका. मी तीनच गोष्टी बघते: कागदात काय दिसलं ते मुलाने नेमकं सांगितलं का, आपला अंदाज कशावरून केला ते सांगितलं का, आणि 'हे या कागदावरून कळत नाही' असं एकदा तरी लिहिलं का. या तिसऱ्यासाठी माझ्याकडे पूर्ण गुण आहेत.

मोबाईलवर 'शिवकालीन मूळ पत्र' म्हणून फिरणारे फोटो वापरू का?

तपासल्याशिवाय नको. मूळ कागद कोणत्या दफ्तरात आहे आणि कुठे छापला आहे, हे कळत नसेल तर तो साधन म्हणून वापरता येत नाही. पण तपासणीचा सराव म्हणून जरूर वापरा. पत्रात देवनागरी टंक आहे का? इंग्रजी तारीख घातली आहे का? भाषा आजची वाटते का? आता तर यंत्राने बनवलेली जुनाट छायाचित्रंही फिरतात. मागच्या वर्षी एका मुलाने असाच फोटो आणला, मावळ्याच्या हातात सहा बोटं होती. वर्गाने ती अर्ध्या मिनिटात मोजली.

मुलांनी जमवलेल्या साहित्याचं पुढे काय करायचं?

टाकून देऊ नका. एक जाड वही करा. प्रत्येक मुलाखतीला, फोटोला, ओवीला क्रमांक द्या. शेजारी तारीख, कुठे घेतली, कोणत्या विद्यार्थ्यांनी घेतली आणि सांगणाऱ्याची वापरायला परवानगी आहे का, एवढं लिहा. रेकॉर्डिंग फोनवर न ठेवता शाळेच्या संगणकात आणि एका पेनड्राइव्हमध्ये ठेवा. ज्यांनी माहिती दिली त्यांना प्रजासत्ताक दिनाला शाळेत बोलावून मुलांकडून वाचून दाखवा, चुका तिथेच दुरुस्त होतात. आमच्या वहीत आता १४३ नोंदी आहेत. सुकडीची मूठ दाखवणाऱ्या आजी गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या नातवाने येऊन आवाज मागितला, तेव्हा नोंद क्रमांक ३८ काढून पाच मिनिटांत देता आली.